क्वामेची चार वर्षं

क्वामे,

परवा चर्चच्या हॉलमध्ये तुझ्या नावाची जी पुस्तिका वाटली, तिच्यात नवव्या पानावर माझा मजकूर आहे. तो वाचू नकोस. इंग्रजीत लिहिलाय आणि बरा लिहिलाय, चार माणसांनी येऊन माझे हात हातात घेतले इतका बरा. तू मैदानावर कसा पळायचास, ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांना कसं हसवायचास, माझ्या घरचा ठेचा कसा बोटं चाटून खायचास, सगळं त्यात आहे. एक गोष्ट तेवढी नाही. ती अशी, की तुझ्या वयाची गोष्ट सॅम्युएलनं फोडली नव्हती. ती माझ्या तोंडून गेली.

झालं, सांगून टाकलं. पाच वर्षं जमलं नव्हतं. तू आठवड्याच्या आठवड्याला माझ्या घरी जेवायला यायचास, माझ्यापासून तीन फुटांवर बसायचास, आणि मला जमलं नाही. आता गोदामात चहाच्या सुट्टीत तुझं हृदय बंद पडून तीन आठवडे झाले, तुला विमानानं घानात, कुमासीला आईकडे नेलं, आणि आज माझी जीभ सैल झाली आहे. आमच्यात याला वरातीमागून घोडं म्हणतात.

गेलेल्या माणसाशी बोलायचं असतं, हे तूच मला सांगितलंस. माझी आई नागपुरात गेली तेव्हा मला वेळेत पोचता आलं नव्हतं. तू काळा शर्ट घालून आलास, सोफ्यावर माझ्या शेजारी बसलास आणि दोन तास काहीही बोलला नाहीस. मग म्हणालास, "आंटी, आईशी बोलून घ्या. आमच्यात बोलतात. राग असेल तर तोही सांगतात. नाहीतर तो माणूस अर्ध्या वाटेवर थांबून राहतो." मला तेव्हा ते विचित्र वाटलं. भिंतीकडे बघून बोलायची लाज वाटली. आईशी मी बोलले नाही. तुझ्याशी बोलते आहे, आणि तेही मराठीत, कारण इंग्रजीत मी फार सफाईनं खोटं बोलते हे नवव्या पानावर सिद्ध झालं आहे.

आपली पहिली भेट दोन हजार दोनच्या ऑगस्टमधली. मी आठवडाभर लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपी करायचे आणि मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी आणि शनिवारी पाऊण तासावरच्या तुमच्या त्या छोट्या क्लबात यायचे. खालच्या डिव्हिजनचा क्लब. उपचाराची खोली म्हणजे बॉयलरशेजारची अडगळ. तू बेल्जियममध्ये दोन मोसम खेळून नुकताच आला होतास. मी तुला फॉर्म भरायला दिला तो डाव्या हातानं, कारण उजव्या हातात बर्फाची पिशवी होती. दिला आणि लगेच ओशाळून मागे घेतला, पिशवी खाली ठेवली आणि उजव्या हातानं पुन्हा पुढे केला. सवय असते ती. तू फॉर्मकडे पाहिलंच नाहीस.

"आंटी, तुमच्याकडेपण?"

"काय आमच्याकडेपण?"

"डावा हात."

तुला इंग्लंडात येऊन पंधरा दिवस झाले होते. पंधरा दिवस लोक तुला डाव्या हातानं चहा देत होते आणि तू मनात म्हणत होतास, मी यांचं काय वाईट केलंय? मला एवढं हसू आलं की बर्फ वितळून जमिनीवर आला. तेव्हापासून मी आंटी. मी चौतीस वर्षांची होते, मला आंटी म्हणवून घ्यायची मुळीच हौस नव्हती. तू कागदावर एकवीसचा होतास म्हणून मी चालवून घेतलं. पंचवीसचा घोडा आपल्याला आंटी म्हणत होता हे पुढे कळलं तेव्हा मला खरोखर राग आला होता, सगळ्या प्रकरणात सगळ्यात आधी त्याचाच.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मला गुडघे कळतात. तुझा उजवा गुडघा पहिल्या दिवसापासून मला कोड्यात टाकत होता. एकवीस वर्षांच्या मुलाच्या सांध्यातली कूर्चा इतकी झिजलेली कशी? मी रिपोर्टमध्ये लिहायचे, लहानपणी कठीण जमिनीवर अनवाणी खेळल्यामुळे असेल. स्वतःचीच समजूत काढत होते. थंडीत तो गुडघा आखडायचा, म्हणून आईनं नागपूरहून पाठवलेलं जवसाचं तेल मी तुला चोळायला दिलं. दुसऱ्या दिवशी मॅनेजर नाक वर करून सगळ्या खोलीत हिंडला. "क्रिकेटची बॅट कोणी आणली आहे इथं?" इकडे जवसाचं तेल बॅटीला लावतात हे मला काय माहीत! पुढे पूर्ण मोसमभर तुला सगळे 'बॅट' म्हणत होते आणि तू खुशाल ओ देत होतास.

आणि ते तुझं "आय ॲम कमिंग". असं म्हणायचास आणि चालता व्हायचास. मॅनेजर वैतागायचा, हा कमिंग म्हणतो आणि गोइंग करतो. मला मात्र ते कोणी समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या घरातूनही बाहेर पडणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. परमुलखात अशी एखादी गोष्ट जुळली की माणूस जवळचं वाटायला लागतं. तू जेवायला यायला लागलास, आधी महिन्यातून एकदा, मग केव्हाही. मुक्ता तेव्हा सहा-सात वर्षांची होती. दारावरची बेल वाजली की ओरडायची, "आई, क्वामे अंकल आली!" पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा तिचा घोळ तेव्हापासून आहे, आणि तुला मराठी येत नसल्यामुळे तुझी काही हरकत नव्हती.

पुढच्या वर्षी, गुढीपाडव्याच्या आसपास, तुझा वाढदिवस आला. क्लबच्या फाइलीत तारीख होती, म्हणून मला माहीत. माझे सासरे, अण्णा, तेव्हा सहा महिन्यांसाठी नागपूरहून आमच्याकडे आले होते. गणिताचे निवृत्त मास्तर, आणि छंद म्हणून पत्रिका मांडणारे. मी तुला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. तुझे पाय पाटावर मावेनात. तू एवढा गंभीर चेहरा करून बसलास, की श्रीकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हसू आवरेना. मग श्रीखंडाची वाटी हातात घेऊन तू अण्णांना म्हणालास, "पापा, मी मोठ्या क्लबात जाईन की नाही, ते तुमच्या पुस्तकात बघा."

अण्णांना तेवढंच पाहिजे होतं. त्यांनी तारीख विचारली. तू सांगितलीस. त्यांनी डोळे मिटले, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "गुरुवार. गुरुवारचा जन्म. उत्तम."

"नो नो, पापा. शनिवार," तू तोंडात श्रीखंड असताना हसत म्हणालास. "क्वामे म्हणजे शनिवारचा. आमच्यात ज्या वारी जन्म, त्या वाराचं नाव. मी गुरुवारचा असतो तर याव झालो असतो."

"माझं गणित चुकत नाही," अण्णा म्हणाले.

"आणि माझी आई चुकत नाही, पापा."

आणि मग तुझा चमचा थांबला. तुझ्या लक्षात आलं, आणि तुझ्याकडे बघून माझ्या लक्षात आलं. श्रीकांतनं उगाच श्रीखंडाचं पातेलं पुढे सरकवलं. मुक्तानं विचारलं, "मग क्वामे अंकलचा बर्थडे दोन आहे? दोन केक?" तू तिला उचललंस, खांद्यावर घेतलंस आणि बागेत निघून गेलास. भारतातली आणि घानातली म्हातारी माणसं आपापल्या परीनं इतकी चोख निघाली, की एका सरकारी कागदाचं त्यांच्यापुढे काही चाललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी मला वर्तमानपत्राचा कोपरा दाखवला. पेन्सिलीनं आकडे मांडले होते. "सूनबाई, बरोबर चार वर्षं मागं गेलं की हीच तारीख शनिवारी येते. पोरगा बावीसचा नाही, सव्वीसचा आहे. लोकाच्या घरची गोष्ट आहे. मी बोलणार नाही, तूपण बोलू नको." आणि तो कोपरा फाडून त्यांनी खिशात टाकला.

गुरुवारी उपचाराच्या खोलीत तूच विषय काढलास. घानाच्या फुटबॉल अकादमीत निवड करायला माणूस आला होता. त्याला लहान वयाची मुलं हवी होती. सोळा वर्षांच्या पोराकडे कोणी ढुंकून बघत नाही. तुम्ही अंगानं बारीक होता, खपून गेलात. एका दुपारी एका बाकावर बसवून सहा जणांचे कागद नव्यानं केले. तुझ्या शेजारी सॅम्युएल बसला होता, बाराव्या वर्षापासून तुझ्याच खोलीत, तुझ्याच चटईवर झोपणारा सॅम्युएल. तुझ्या मागोमाग तोही इंग्लंडात आला होता आणि मँचेस्टरजवळच्या एका क्लबात खेळत होता.

"कितीनं मोठा आहेस रे?" मी विचारलं.

"स्मॉल, आंटी. थोडासा. किती ते फक्त सॅम्युएलला माहीत आहे."

मला आकडा माहीत आहे हे मी तुला सांगितलं नाही. तू आधीच शरमेनं अर्धा झाला होतास. म्हटलं, असू दे, त्याला वाटतंय तेवढं तरी झाकलेलं राहू दे. क्वामे, सगळं तिथंच बिघडलं. त्या दिवशी मी अण्णांचं गणित तुला सांगितलं असतं, तर पुढे तू सॅम्युएलला दोष दिलाच नसतास. तुझी लाज राखायला गेले आणि तुझा मित्र घालवून बसले.

दोन हजार चारच्या जानेवारीत वरच्या डिव्हिजनच्या एका मोठ्या क्लबानं तुला मागणी घातली. तुझ्या मॅनेजरनं मला मिठी मारली. तू मात्र गुडघ्याला पाणी भरलं होतं म्हणून टेबलावर आडवा होतास. त्या दिवशी आपलं भांडण झालं, ते अजून संपलेलं नाही. मी म्हणाले, त्यांना सांग, सहा आठवडे विश्रांती घे, मग जा. तू म्हणालास, सहा आठवड्यांनी दार बंद होईल. मी म्हणाले, या गुडघ्यानं आठवड्याला दोन मॅच खेळलास तर दोन वर्षांत काठी घेऊन चालशील. तू उठून बसलास.

"आंटी, तुमच्याकडे सहा आठवडे आहेत. माझ्याकडे नाहीत. मला माझं वय माहीत आहे."

"मलापण माहीत आहे," असं तोंडावर आलं होतं. मी गिळलं.

दुसऱ्या दिवशी त्या क्लबच्या डॉक्टरचा फोन आला. असे फोन नेहमी येतात. सभ्य माणूस होता. म्हणाला, एमआरआय पाहिला, खेळाडू आम्हाला पसंत आहे, तुम्ही दीड वर्ष त्याचा गुडघा हाताळताय, काही सांगायचं आहे का? माझ्या डोक्यात आदल्या दिवशीचं भांडण होतं. मला वाटलं, हा माणूस भला दिसतो, याला जरा जपायला सांगावं. आणि मी म्हणाले, "हा गुडघा त्याच्या वयापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे असं समजून सांभाळा."

चार. तीन-चार नाही, थोडा नाही, बराच नाही. डोक्यात आकडा होता, तोच बाहेर पडला. मग तो म्हणाला, "फोर? थँक यू. दॅट्स व्हेरी हेल्पफुल." फोन ठेवेपर्यंत मला काही कळलं नव्हतं. ठेवल्यावर कळलं. करायला गेले गणपती, झाला मारुती.

त्यांनी तुला घेतलं नाही. कागदोपत्री कारण दिलं गुडघ्याचं. पण त्यांच्यातलं कोणीतरी तुझ्या एजंटला खरं बोललं. तू माझ्या खोलीत आलास. मी बँडेज गुंडाळत होते.

"फोर, आंटी. त्यांनी एजंटला सांगितलं, चार वर्षं. तीन नाही, पाच नाही. चार. हा आकडा जगात एकाच माणसाला माहीत आहे."

मी बँडेज गुंडाळत राहिले. सॅम्युएलही उजव्या बाजूनं खेळायचा, ती जागा त्यालाही हवी असणार, तुमचा एजंटही एकच होता, त्यामुळे तुझ्या मनात दोन अधिक दोन लगेच झालं. तू माझ्यासमोरच त्याला फोन लावलास. तुमच्या भाषेतलं मला अक्षर कळलं नाही. पण फोनमधून त्याचा आवाज येत होता, आणि माणूस शपथ घेतो तेव्हा ते कळायला भाषा लागत नाही. तो शपथा घेत होता. तू फोन बंद केलास आणि मला म्हणालास, "आता माझा भाऊ मेला."

मी त्या खोलीत होते. हातात बँडेज होतं. एक वाक्य बोलायचं होतं.

त्या संध्याकाळी श्रीकांतला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वैशाली, झाकली मूठ सव्वा लाखाची. व्हॉट्स डन इज डन. त्याचं ट्रान्सफर परत येणार आहे का? उगाच कशाला उकरतेस?" अण्णा तोवर नागपूरला परतले होते. फोनवर माझा आवाज ऐकून त्यांनी माझ्याकडून काढून घेतलंच. मग म्हणाले, "आकडा माझा होता. तुला जमत नसेल तर मी त्याला सांगतो. नंबर दे." मी म्हणाले, अण्णा, तुम्ही मध्ये पडू नका, मी सांगते. सासऱ्यांशी खोटं बोलण्याची ती माझी पहिली वेळ.

पुढचं तुला माहीत आहे. मार्चमध्ये तू इंजेक्शन घेऊन खेळलास, मला न विचारता, आणि पासष्टाव्या मिनिटाला तो गुडघा गेला. मैदानावर धावत येणारी मीच होते. तू चिखलात पडला होतास आणि मला म्हणालास, "सॉरी, आंटी." मला सॉरी! मेमध्ये क्लबानं करार वाढवला नाही. मीही क्लब सोडला. सगळ्यांना सांगितलं, मुक्ताकडे बघायला वेळ मिळत नाही. खरं म्हणजे बॉयलरशेजारच्या त्या खोलीत मला पाऊल टाकवेना.

मला वाटलं, आता तू येणं बंद करशील. आणि, खोटं कशाला बोलू, थोडी सुटकाही वाटली असती. पण तू गोदामात फोर्कलिफ्ट चालवायला लागलास आणि दर शनिवारी दुपारी आमच्याकडे यायला लागलास. कधी तक्रार नाही, कधी सुस्कारा नाही. रविवारी सकाळी मुक्ताच्या शाळेच्या मुलींना फुटबॉल शिकवायचास, फुकट, पावसात, तुटक्या गुडघ्यावर. ती पोर आज तेरा वर्षांची आहे आणि उजव्या बाजूनं पळते. तिचं पळणं बघून मला रडू येतं आणि ती म्हणते, "आई, यू आर सो एम्बॅरसिंग." जे तू स्वतःसाठी कमवायला आला होतास, त्यातलं निम्मं माझ्या मुलीला देऊन गेलास. त्याबद्दल मी तुला कधी साधं थँक यू म्हटलं नाही. म्हणायला तोंड उघडलं असतं तर दुसरंही बाहेर आलं असतं, अशी भीती वाटायची.

सॅम्युएलच्या लग्नाची पत्रिका तुला आली, ती तू खिशातून काढून माझ्या किचनमधल्या बिनमध्ये टाकलीस. चहापत्तीच्या चोथ्यावर. तू गेल्यावर मी ती बाहेर काढली, पुसली. सोनेरी अक्षरांत दोघांची नावं, आणि खाली पेनानं तुमच्या भाषेत एक ओळ लिहिलेली. ती ओळ काय होती ते मी कोणालाच विचारलं नाही. पत्रिका मसाल्याच्या डब्यामागे ठेवून दिली आणि पुढच्या शनिवारी तुला भाकरी वाढली. असे किती शनिवार, क्वामे. प्रत्येक वेळी वाटायचं, आज जेवण झाल्यावर सांगते. जेवण झालं की तू ताट धुवायला घ्यायचास आणि मुक्ताला काहीतरी गमतीचं सांगायला लागायचास, आणि मी म्हणायचे, आज तो खुशीत आहे, कशाला. नाहीतर, आज तो दमलाय, कशाला. मला तुझ्या रागाची भीती नव्हती. तू परत येणार नाहीस याची होती. सॅम्युएलला तू ज्या हातानं तोडलंस, तो हात मी पाहिला होता.

आणि परवा हॉल भरला होता. काळे आणि लाल कपडे, ढोल, भाताची मोठाली पातेली. मी काळी साडी नेसून गेले. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर तुझा फोटो आणि खाली वय छापलेलं, एकतीस. आईनं सांगितलेलं, खरं. तुझे क्लबातले दोघे-तिघे माझ्यामागे बसले होते. एकजण कुजबुजला, "बॅट वॉज ट्वेंटी-सेव्हन, शुअर्ली?" दुसरा म्हणाला, "हू केअर्स, मेट," आणि नाक शिंकरलं. एवढंच. ज्या चार वर्षांसाठी एवढं सगळं झालं, ती अशी उघड्यावर छापून आली आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

सॅम्युएल खुर्च्या लावत होता. जाड झालाय थोडा. तो अजून खेळतो, मँचेस्टरजवळच्या त्याच क्लबात. सगळे तुझ्याबद्दल बोलायला माइकवर गेले, तो गेला नाही. कोणत्या तोंडानं जाणार? हॉलमधल्या निम्म्या लोकांना वाटत होतं, यानंच भावाला विकलं. पाच वर्षं तो ते ओझं वागवत होता आणि मी नवव्या पानावर छान इंग्रजी लिहून पुढच्या रांगेत बसले होते. मला माझीच किळस आली. जेवणं सुरू झाल्यावर मी त्याला कोट टांगतात त्या बोळात बोलावलं आणि सांगितलं. अण्णांचं गणित, डॉक्टरचा फोन, चार हा शब्द, बँडेज. काही गाळलं नाही. रडलेही नाही, कारण रडले असते तर त्यानं मला समजावलं असतं, आणि तो हक्क माझा नव्हता.

त्यानं एकदाही मध्ये तोडलं नाही. माझं झाल्यावर तो भिंतीला टेकला आणि कोटांकडे बघत राहिला. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडायला पाहिजे होतं त्यानं. मग त्यानं विचारलं, अगदी हळू:

"आंटी, त्यानं कधी माझ्याबद्दल विचारलं?"

मी म्हणणार होते, नाही. तुझं नाव त्याच्या तोंडून पाच वर्षांत आलं नाही. ते खरं होतं. पण तेवढंच खरं नव्हतं, आणि क्वामे, तुझ्याबद्दलचं अर्धं खरं सांगण्याची मला आता शिसारी आली आहे. म्हणून मी त्याला सांगितलं. शनिवारी पावणेपाचला तू आमच्या टीव्हीवर फुटबॉलच्या निकालांचं पान लावायचास. ताट वाढलेलं असलं तरी यायचा नाहीस. मोठ्या क्लबांचे निकाल बघायचा नाहीस, तुझ्या जुन्या क्लबाचाही नाही. पानं पुढे पुढे ढकलत खालच्या डिव्हिजनवर यायचास आणि त्याच्या क्लबाच्या नावापाशी थांबायचास. मुक्ता कुरकुरायची, "अंकल, मला भूक लागला!" आणि तू नुसता हात वर करायचास, थांब. ते जिंकले की दोन भाकऱ्या जास्त. हरले की पाणी पिऊन उठायचास. आणि मागच्या हिवाळ्यात एकदा गोल करणाऱ्याचं नाव पडद्यावर आलं, मिनिटासकट, तेव्हा तू उभा राहिलास. नाव वाचलं नाहीस, फक्त मिनिट वाचलंस, मोठ्यानं. "सत्तर." मग श्रीकांतला म्हणालास, "डाव्या पायानं मारला असणार. उजव्यानं त्याला कधीच जमलं नाही." आणि पुढच्या क्षणी पान बदललंस.

हे मी पाच वर्षं डोळ्यांनी बघत होते, क्वामे. कळत होतं मला. कळून घेतलं असतं तर बोलावं लागलं असतं, म्हणून कळून घेतलं नाही.

सॅम्युएलनं तोंडावर हात ठेवला. त्याचे खांदे हलत होते. हॉलमधून कोणीतरी त्याला हाक मारली, तो गेला नाही.

"डावाच होता," तो म्हणाला. "तो गोल. डाव्याच पायाचा होता."

मग त्यानं चेहरा पुसला आणि माझ्याकडे सरळ बघितलं.

"मला तुमच्यावर रागवायचं आहे, आंटी. खूप रागवायचं आहे. पण ते मी नंतर करीन. आधी हे मला परत सांगा. पहिल्यापासून."

मी सांगितलं, क्वामे. तू रिमोट घेऊन सोफ्याच्या कडेवर कसा बसायचास, तिथपासून.